दक्षिणेची खिडकी

विमलअक्का कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढायच्या आधी पर्समधून होकायंत्र काढत. पितळी, झाकणाचं, वाटीएवढं. ते तळहातावर ठेवून दारात उभ्या राहत आणि काटा स्थिर होईपर्यंत कुणाच्याही "या, बसा"ला उत्तर देत नसत. मग आत एक नजर टाकून निकाल सांगत, "गॅस उत्तरेला ठेवलाय. म्हणून घरातलं आजारपण हटत नाही." घरात आजारपण आहे का, हे त्यांनी विचारलेलं नसे. बहुतेक घरांत ते असतंच, त्यामुळे त्यांचं म्हणणं सहसा चुकायचं नाही.

आम्ही दोघी धुळ्यातल्या एकाच मुलींच्या शाळेत शिकवायचो. त्या गणित, मी मराठी. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. साक्री रोडला आमची घरं लागून. शाळेत त्या विमलबाई आणि कॉलनीत अक्का. कडक इस्त्रीची सुती साडी, बोटांना कायम खडू, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही आपल्यालाच विचारलं असं वाटावं. मला त्यांचा राग यायचा आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडेच जाऊन बसायचे. तास सुटल्यावर घरी माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, हे त्याचं खरं कारण. पण मी ते कुणाला सांगत नसे.

वास्तुशास्त्र हा त्यांचा धंदा नव्हता. त्याचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं; पैसे घेणारा माणूस निदान गोड बोलतो. अक्का भूमितीचा सिद्धान्त मांडावा तशा बोलायच्या. पूर्व-उत्तर मोकळी हवी, दक्षिण-पश्चिम जड हवी, आग्नेयेला चूल, ईशान्येला पाणी आणि देव, मधोमध ब्रह्मस्थान, तिथे काही ठेवायचं नाही. समोरचा कुरकुरला की म्हणत, "काटा कुणाची भीड धरत नाही."

भीड त्याही धरत नसत. आमच्या ड्रॉइंगच्या बाई लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नाही म्हणून खचल्या होत्या. अक्कांनी भर स्टाफरूममध्ये, डबा खाता खाता, त्यांना घराचा नकाशा काढायला लावला. त्यावर लाल पेनने एक खोली गोल केली आणि म्हणाल्या, "नवराबायको ईशान्येला झोपता तुम्ही. इथे मूल राहत नाही. डॉक्टर कशाला करता?" ती बाई डबा तसाच टाकून बाथरूममध्ये जाऊन रडली. पुढे तीन वर्षांनी त्याच खोलीत राहून तिला जुळं झालं. पेढे घेऊन आली तेव्हा अक्कांनी पेढा हातात धरून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "दोन मुली." अक्का म्हणाल्या, "म्हणजे अर्धं तरी खरं निघालं." आणि पेढा खाल्ला.

मीही हसले होते. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. साक्री रोडचा तो प्लॉट बापूंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, पसंत केला होता. बापू एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये, माइकसमोर गेली. प्लॉट दक्षिणमुखी, थेट रस्त्यावर. आवाज फार म्हणून कुणी घेत नव्हतं. बापूंना तोच आवाज हवा होता. साक्री, पिंपळनेर, नवापूर, सगळ्या गाड्या दारावरून जाणार. घर बांधलं, राहायला गेले, आणि वर्ष व्हायच्या आत त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला हॉस्टेलवर काविळीने गेला. अक्का रडल्या नाहीत. चौदाव्या दिवशी शाळेत आल्या, दहावीचा तास घेतला. भेटायला आलेल्या कुणीतरी बोलता बोलता म्हणून गेलं होतं, दक्षिणेचं दार, यमाची दिशा, जपायला हवं होतं. महिन्याभरात त्यांनी होकायंत्र आणलं.

मुलगा पुण्यात गेला होता, धुळ्यातल्या घराचं दार त्याला कसं बाधलं, हे मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे नापास मुलीकडे बघावं तसं बघितलं. "घर कुणाचं होतं?" म्हणाल्या. "मुलगा कुणाच्या घरचा?" आणि मग आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, "प्लॉट कुणी पसंत केला, ते विचार."

आत बापू पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर त्या घरात तोडफोड सुरू झाली ती दहा वर्षं. दक्षिणेचं दार बुजवून पूर्वेच्या बोळात नवं दार काढलं. पाहुण्यांना रस्त्यावरून घर समोर दिसे, पण आत जायला माझ्या कुंपणाला वळसा घालून, गटार ओलांडून जावं लागे. ईशान्येचा संडास पाडला. नवा होईपर्यंत सात महिने दोघं माझा वापरत. रोज सकाळी सहाला बापू खांद्यावर टॉवेल टाकून माझ्या मागच्या दाराशी येत आणि अदबीने विचारत, "सुनंदाताई, फलाट मोकळा आहे का?" मधल्या खोलीचं ब्रह्मस्थान असं सांभाळलं होतं की त्या घरात सगळे भिंतीच्या कडेकडेने चालत. एकदा पोस्टमन सरळ मधून चालत आला तर अक्कांनी त्याला परत दारापर्यंत पाठवून कडेने यायला लावलं. तो बिचारा आला.

या सगळ्यात बापूंनी एकच गोष्ट मागितली. दार बुजवायला गवंडी आला तेव्हा त्यांनी रस्त्याकडच्या खोलीतल्या खिडकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही राहू दे." खिडकी राहिली. निवृत्त झाल्यावर बापू तिथेच खुर्ची टाकून बसायचे. गाडी आली की पाटी वाचायच्या आधी गावाचं नाव सांगत, उशिरा असली की मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मान हलवत. ड्रायव्हर ओळखीचे होते, काही जण हॉर्न देत. त्या माणसाकडे सुख म्हणावं असं एवढंच होतं, आणि अक्का त्या खोलीत कधी बसल्या नाहीत.

मग बापूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडात उरली ती गावांची नावं आणि एक शब्द, लागली. आयुष्यभर माइकवर पुकारलेलं, पिंपळनेरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे, त्यातलं एवढंच शिल्लक राहिलं. पाणी हवं असलं तरी लागली, दुखलं तरी लागली.

दवाखान्यातून आणलं तेव्हा अॅम्ब्युलन्सच्या माणसांनी त्यांना रस्त्याकडच्या खोलीत पलंगावर निजवलं. खोली चिंचोळी, पलंग तिथे लांबीतच बसायचा. त्यांनी डोकं उत्तरेला केलं, पाय खिडकीकडे. बापूंना समोर रस्ता दिसला. डावा हात उचलून त्यांनी मला बोटाने दाखवलं, "साक्री." खरंच साक्रीची गाडी होती. तेवढ्यात अक्का मेडिकलमधून औषधं घेऊन आल्या. पिशवी खाली ठेवली. त्यांना होकायंत्राची गरज नव्हती.

"उत्तरेला डोकं नि दक्षिणेला पाय प्रेताचे करतात," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात जिवंत माणूस असा निजणार नाही."

बापूंना फिरवलं. डोकं दक्षिणेला, खिडकीखाली. समोर उत्तरेची कोरी भिंत. ते डावा हात डोक्यावरून मागे नेऊन खिडकीकडे दाखवू लागले. लागली, लागली. दिवसातून कितीदातरी. हात दुखेपर्यंत.

मी माझ्या परीने डोकं लढवलं. एक दिवस म्हटलं, "अक्का, समोरच्या भिंतीवर आरसा लावू या. त्यात मागचा रस्ता दिसेल." त्या थर्मामीटर झटकत होत्या. "आजाऱ्यासमोर आरसा लावला तर आजार दुप्पट होतो, सुनंदा. तुला गणित कधीच येत नव्हतं." खुर्चीत बसवून खिडकीशी नेऊ या म्हटलं, तर दक्षिणेकडे तोंड करून आजारी माणसाला बसवत नाहीत. व्यायाम करून घेणारा मुलगा यायचा, त्याला मधल्या खोलीत आधाराचे दांडे लावायचे होते, ते ब्रह्मस्थान. म्हणून बापूंचं चालणं भिंतीला धरून चार पावलं झालं आणि तिथेच थांबलं.

मात्र सेवा करावी ती अक्कांनी. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. तीन वेळा अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताकात कुस्करून चमच्याने भरवणं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर आम्हाला म्हणायचे, अशी सेवा बघितली नाही. आणि बापूंचे डोळे सारखे भरून यायचे. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. अक्काही तेच म्हणायच्या.

साधारण वर्षाने अक्कांना चाळीसगावला भाचीच्या हळदीला जावं लागलं. सकाळी निघून रात्री परत, असं ठरलं होतं. बापूंजवळ मी आणि कमलबाई. कमलबाई साक्रीकडच्या खेड्यातली, दिवसभर बापूंचं बघायला ठेवलेली. अक्कांची रिक्षा वळली तशी ती पदर खोचून माझ्याकडे आली.

"बाई, खाट फिराई देऊत का?" म्हणाली. "देखू द्या ना त्यास्ले रस्ता. अक्का ते रातले येतीन."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "धर पायाकडून."

पलंग फिरवला, तिन्ही उशा पाठीला दिल्या, खिडकीची दोन्ही दारं उघडली. ऊन आत आलं. पहिली गाडी नवापूरची गेली, तिचं नाव बापूंनी घेतलं नाही, नुसतं बघत राहिले. मग एकेक सुरू झालं. नंदुरबार. साक्री. दहिवेल. एका ड्रायव्हरने ओळखून हॉर्न दिला तेव्हा त्यांनी डावा हात असा वर केला की कमलबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. त्या दिवशी ते माझ्या हातून दोन भाकरी जेवले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

अक्का रात्रीऐवजी दुपारी चारलाच आल्या. हळदीत त्यांचं कुणाशी तरी बिनसलं होतं. बहुधा नवरीच्या खोलीच्या दिशेवरून. बोळातल्या दाराने आत आल्या, कडेकडेने चालत खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. बापूंचा तेव्हा डोळा लागला होता. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, छातीवर पांढरी चादर.

मी उठले. कमलबाई उठली. अक्कांच्या हातातली पर्स खाली पडली नाही, काही नाही. त्या अगदी हळू आवाजात, शाळेत कधीही न बोललेल्या घरच्या बोलीत, म्हणाल्या, "कव्हय गयात?"

मला आधी कळलंच नाही. कधी गेले, असं त्या विचारत होत्या. आम्ही प्रेत निजवलंय असं त्यांना वाटलं होतं. मी सांगायच्या आत अक्का पुढे आल्या, बापूंच्या पायांशी बसल्या आणि दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. त्या स्पर्शाने बापू जागे झाले. खिडकीबाहेर गाडी होतीच. "पिंपळनेर," ते म्हणाले. "लागली."

अक्कांनी डोकं उचललं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा तसा बघितला नव्हता आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. त्यांनी आधी बापूंच्या कपाळाला हात लावला. मग उठून आम्हा दोघींना म्हणाल्या, "फिरवा." आम्ही फिरवलं. त्यांनी आंघोळ केली, घरात सुतक फिटल्यासारखं गोमूत्र शिंपडलं, दिवा लावला. कमलबाईला म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. मला काहीच म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गवंडी आला.

बापूंना दुसऱ्या खोलीत हलवायला मी सुचवलं. "कशाला?" अक्का म्हणाल्या. "एका खिडकीचं काम. तासाभराचं." त्यांनी बापूंच्या तोंडावर धूळ उडू नये म्हणून स्वच्छ धुतलेलं मलमल पांघरलं, आणि मला बाहेर उभं केलं. "सिमेंट कालवतो तिथे लक्ष दे, सुनंदा. रेती जास्त टाकतो." मी लक्ष दिलं. गवंडी बाहेरून विटा लावत गेला. बापूंना ते दिसत नव्हतं, खिडकी डोक्याशी होती. पण थर चढत गेला तसा आत रस्त्याचा आवाज कमी होत गेला असणार. तीन थर राहिले तेव्हा आतून "लागली" असं एकदा ऐकू आलं. गवंडी थांबला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालू दे."

ते मी का म्हटलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे. आदल्या दिवशी अक्कांनी पायांवर डोकं ठेवलेलं मी बघितलं होतं. त्या भीतीपुढे मला तोंड वर करून बोलता येईना. पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. अक्कांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर संध्याकाळी मी कुठे गेले असते?

त्यानंतर बापू तीन वर्षं जगले.

हे सगळ्यात वाईट. त्यांची तब्येत खरोखरच सुधारली. बीपी उतरलं, झोप लागू लागली, डॉक्टरांनी दोन गोळ्या बंद केल्या. अक्का येईल त्याला ती भिंत दाखवत. "दक्षिण बंद केली आणि बघा. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. मी वर्षांवर वर्षं काढतेय." लोक भिंतीला हात लावून बघत. कॉलनीत दोघातिघांनी आपापल्या दक्षिणेच्या खिडक्या बुजवल्या. बापू समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत पडलेले असत. सुरुवातीला ट्रकच्या आवाजालाही गावाचं नाव घेत, ते चुकीचं असे. मग नावं कमी झाली. मग हात मागे जायचा थांबला. शेवटचं वर्षभर ते काहीच म्हणाले नाहीत, लागलीसुद्धा नाही. अक्का म्हणायच्या, "आता कसे शांत झालेत." मी चहाचा कप तोंडाला लावायचे.

गेले ते भर दुपारी, कूस बदलताना. माणसं जमली. मधली खोली रिकामी असल्यामुळे तिथेच जमीन सारवून त्यांना खाली घेतलं, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. कुणीतरी तुळस आणायला धावलं. अक्कांनी पर्समधून होकायंत्र काढलं. काटा स्थिर झाल्यावर त्यांनी आपल्या हाताने बापूंचे पाय दोन बोटं सरकवले. "हं. आता बरोबर," म्हणाल्या. ब्रह्मस्थानात मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं बघितलं.

पुढे महिनाभर मी गेले नाही. शाळा, पेपर तपासणी, काहीबाही कारणं काढली. एक दिवस सकाळी पलीकडून ठोकण्याचा आवाज आला. कुंपणावरून बघितलं तर तोच गवंडी साक्री रोडच्या बाजूने विटा काढत होता. संध्याकाळी अक्कांचा फोन आला, "येऊन जा."

गेले. रस्त्याकडच्या खोलीत पलंग नव्हता. खिडकीला अजून दारं बसवली नव्हती, कडांना सिमेंट ओलं होतं. खिडकीशी बापूंची जुनी खुर्ची होती आणि तिच्यावर अक्का, तोंड दक्षिणेला. मी तिकडे बघितलं तर म्हणाल्या, "आता काय न्यायचं राहिलंय तिला?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, "ते काय बघायचे गं इथून?"

मी सांगितलं. गाड्या. कुठली वेळेवर आहे, कुठली उशिरा. ड्रायव्हर कोण आहे. एखादा हॉर्न द्यायचा. तेवढ्यात पिंपळनेरची गाडी आली. अक्कांनी पाटी वाचली, मोठ्याने, वर्गात फळ्यावरचं वाचावं तशी. गाडी गर्दीची होती, खिडकीतल्या एका बाईने गुळणी टाकली, आणि गाडी वळणाआड गेली. मागे धूळ राहिली.

अक्का त्या धुळीकडे बघत होत्या. "एवढंच?" म्हणाल्या.

मला त्यांना सांगता आलं असतं, की ते थकले होते, की शेवटी त्यांना कशाचीच ओढ राहिली नव्हती, की तुम्ही केलंत ते त्यांच्यासाठीच केलंत. त्यांना तेच ऐकायचं होतं. पण मला त्यांना दुखवायचं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या हातात होतं.

"हो अक्का," मी म्हटलं. "एवढंच. तेवढंच हवं होतं त्यांना."

त्यांनी मान हलवली. मी निघाले तेव्हा त्या खुर्ची आणखी पुढे ओढत होत्या.